रिव्ह्यू खराब आला, आता नोकरी सोडायची का? आधी किल्ली कुणाकडंय ते बघा

एप्रिल-मे आला की संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतनं सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये नुसते चेहरे बघून कळतं कुणाचं अप्रेझल झालंय. चांगलं झालेला फोनवर जोरजोरात बोलत असतो, वाईट झालेला खिडकीला डोकं लावून बसतो अन् उतरायचं असतं पंढरपूरला (आपलं वाळूजचं, चंद्रभागेवालं नाही) पण भानावर येतो तेव्हा नगर नाका आलेला असतो. मी पण एका वर्षी असाच नगर नाक्याला उतरलोय. गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, क्वालिटी डिपार्टमेंट, सहावं वर्ष चालू, ५ पैकी २ रेटिंग अन् इन्क्रिमेंट शून्य. त्या रात्री मोबाईलवर राजीनामा टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवलता. तो पाठवला नाही ते बरं झालं, अन् सात महिन्यांनी दुसरा पाठवला ते पण बरंच झालं. मधल्या सात महिन्यात काय काय तपासलं ते सांगतो, तुमच्या कामाचं असेल तेवढं घ्या.

आधी वापसा येऊ द्या

रान असलेल्यांना हे सांगायला नको. धो धो पाऊस झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी कुणी काळ्या रानात औत घालत नाही, नुसती ढेकळं निघतात अन् बैलाचे पाय रुततात, वापसा यायची वाट बघावीच लागते. परभणीचं कृषी विद्यापीठ दरसाल सांगतं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नका, तरी एका सरीवर पेरणारे असतातच अन् मग दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणतात. रेटिंगचं पण तसंच, हातात पडल्यावर साधारण दहा दिवस काहीच ठरवायचं नाही, सोडायचं पण नाही अन् राहायचं पण नाही.

त्या दहा दिवसात करायच्या नाहीत अशा गोष्टी मात्र पक्क्या आहेत. रात्री अकरा वाजता साहेबाला मेल लिहायचा नाही. कॅन्टीनमध्ये "मी तर सोडणारच" म्हणायचं नाही, कारण ते वाक्य चहा संपायच्या आत एचआरच्या टेबलावर पोहोचतं अन् मग तुम्ही ठरवायच्या आधी तेच ठरवून टाकतात. कंपनीच्या ड्रॉइंग, कस्टमरच्या फायली स्वतःच्या जीमेलवर पाठवायच्या नाहीत, पुरावा म्हणून पाठवल्या तरी उलट तुमच्यावरच केस होऊ शकते. आपलं अपॉइंटमेंट लेटर, इन्क्रिमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, रिव्ह्यूचा कागद, एवढं आपलं असतं, तेवढ्याच्या कॉप्या काढून घरी ठेवा. अन् रिव्ह्यूवर सही मागितली तर सही करायला हरकत नाही, पण खाली "मिळाले, सहमत नाही" असं लिहून तारीख टाका. पोर्टल असेल तर कमेंटच्या रकान्यात दोन ओळी लिहा, जास्त नाही. भांडण तिथं करायचं नसतं, फक्त नोंद ठेवायची असते.

कागद वाचा, आवाज नाही

बहुतेकांचं इथंच चुकतं. मीटिंगमध्ये साहेब काय म्हणला, कसा म्हणला, कुणापुढं म्हणला, तेच डोक्यात फिरत राहतं अन् कागद कुणी नीट वाचतच नाही. मी पण नव्हता वाचला. आठवड्यानी रविवारी रूमवर बसून वाचला, पेन घेऊन, अन् प्रत्येक वाक्यापुढं लिहिलं की यात आकडा आहे, प्रसंग आहे, का नुसतं विशेषण आहे. एकूण नऊ वाक्यं होती. त्यातली पाच विशेषणं: ओनरशिप कमी, प्रोॲक्टिव्ह नाही, कम्युनिकेशन सुधारावं, असलं. दोन प्रसंग: फेब्रुवारीच्या कस्टमर ऑडिटला फाइल सापडली नाही, अन् एका शिफ्टला मी न सांगता लवकर गेलतो. दोन आकडे: कस्टमर कम्प्लेंट ११, त्यातले ६ आठ-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण अन् उपाय आठ टप्प्यात लिहायचा कागद) उशिरा गेले.

विशेषणावर वाद घालण्यात काही अर्थ नसतो, ओनरशिप मोजायचा काटा अजून कुणी काढलेला नाही. पण विशेषणं जास्त अन् आकडे कमी असले तर समजायचं की कामापेक्षा नातं बिघडलंय, मग ते दुरुस्त होण्यासारखं आहे का हे बघायचं. आकडे जास्त असले तर आकड्यांच्या मागं जायचं, तिथं खरी गोष्ट सापडते.

आमच्या कस्टमरला तक्रार आल्यावर २४ तासात कंटेनमेंट लागायचं, म्हणजे खराब माल अडवून वेगळा काढणं, अन् १५ दिवसात पूर्ण आठ-डी. मी त्या सहाच्या सहा रिपोर्टचे मेल उघडले अन् वहीत तारखा मांडल्या: तक्रार कधी आली, मी कुणाला कधी मेल टाकला, उत्तर कधी आलं. चार रिपोर्ट टूल रूमकडं, म्हणजे साचे दुरुस्त करणाऱ्यांकडं, अडकलेले. डायची (साच्याची) दुरुस्ती झाल्याशिवाय करेक्टिव्ह ॲक्शन लिहिणार काय? डाय दुरुस्तीचा नंबर लावणं प्रॉडक्शनवाल्यांच्या हातात, अन् त्यांना टनेज काढायचं असायचं, आमचं आठ-डी त्यांच्या लेखी सगळ्यात शेवटी. पण राहिलेले दोन? ते सरळ सरळ माझे. एकात मी सात दिवस मेलच उघडला नव्हता, बहिणीचं लग्न होतं, पण दुसऱ्या कुणाला काम सोपवून गेलो नव्हतो. ऑडिटची फाइल पण माझीच चूक. म्हणजे राग आला होता तेवढा मी धुतल्या तांदळासारखा नव्हतो, हे त्या रविवारी कळलं अन् खरं सांगायचं तर रागापेक्षा ते जास्त लागलं.

किल्ली कुणाकडं

ती वही मांडल्यावर मला जो प्रश्न सुचला तो मी आता विचारायला येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारतो. ज्या गोष्टीचा हिशोब तुम्हाला मागायलेत त्या खोलीची किल्ली तुमच्याकडं आहे का?

किल्ली तुमच्याकडं होती अन् तुम्ही दार उघडलं नाही, तर नोकरी बदलून काही होत नाही. मेल न उघडायची सवय चाकणला गेली तरी सोबतच जाते, तिथं नवीन माणूस म्हणून सहा महिने झाकली जाते एवढंच. अशा वेळेस आहे तिथंच राहून दुरुस्त करणं स्वस्त पडतं, कारण इथं निदान लोक ओळखीचे आहेत. किल्ली तुमच्याकडं नव्हती, तर मागून बघायची. मागितल्यावर मिळाली तर राहा. मागितल्यावर पण मिळत नसली अन् पुढच्या वर्षी हिशोब तरी तुम्हालाच द्यायचा असला, तर मग शोधायला लागा, कारण पुढच्या एप्रिलला हाच कागद परत येणार.

मागायचं कसं, तर साहेब जरा मोकळा असताना, शक्यतो शनिवारी दुपारी, वेळ मागून. महिनाअखेरीला नको, तेव्हा डिस्पॅचच्या टेन्शनमध्ये असतो. मी म्हणलं, "सर, रेटिंगवर मला भांडायचं नाही. दोन रिपोर्ट माझ्यामुळं उशिरा गेले, ते मी मान्य करतो. चार टूल रूमला अडकलते, या तारखा. पुढच्या सहा महिन्यात काय दिसलं तर तुम्ही ३ द्याल तेवढं सांगा, अन् डाय दुरुस्तीचा नंबर लावताना क्वालिटीचं पण ऐकतील असं काही करता येतं का बघा." साहेबानं तारखांकडं बघितलं पण नाही. म्हणला, "अरे, तारखा काय घेऊन बसलास, ॲटिट्यूड दिसला पाहिजे. अन् टूल रूम प्रॉडक्शनचं आहे, तू त्यात पडू नको."

बघा, मला पाहिजे ते उत्तर मिळालं होतं, फक्त मला पाहिजे तसं नव्हतं.

मीटिंगनंतर त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकायचा: "आज बोलल्याप्रमाणे पुढच्या सहा महिन्यात माझ्याकडून हे अपेक्षित आहे, यासाठी मला ही मदत लागेल." टोमणा नाही, सीसीमध्ये पंधरा जण नाहीत. साहेबानं उत्तर दिलं तर ती तुमची पुढच्या वर्षीची मोजपट्टी झाली, नाही दिलं तर ते पण कळलं.

साहेब वाईट का गणित वाईट

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. बऱ्याच कंपन्यात बेल कर्व्ह असतो, म्हणजे डिपार्टमेंटमधल्या एवढ्या टक्क्यांना वरचं, बाकीच्यांना मधलं अन् एवढ्यांना खालचं रेटिंग द्यायचंच, माणसं कशी पण असोत. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चनं २०-७०-१० ची वाटणी गाजवली अन् ती पार आपल्या एमआयडीसीपर्यंत आली. मायक्रोसॉफ्टनं असली क्रमवारी २०१३ मध्येच बंद केली पण आपल्याकडं अजून आठ माणसांच्या डिपार्टमेंटला कर्व्ह बसवणारे आहेत, आठ जणात कसला आलाय कर्व्ह! मग कुणाला तरी खाली टाकायचं म्हणल्यावर जो नवीन आहे, जो वडिलांच्या ऑपरेशनला महिनाभर सुट्टीवर होता, किंवा जो बोलत नाही, त्याच्यावर येतं. म्हणून गुपचूप चौकशी करा की यंदा खाली कोण कोण आलं. सगळ्यांनाच कमी मिळालं असेल तर कंपनीची ऑर्डर घटलेली असते. साहेब नवीन असेल अन् मागची तीन वर्षं तुमचं रेटिंग चांगलं असेल तर एक सायकल थांबायला हरकत नाही, नव्या साहेबाला पण घडी बसवायला वेळ लागतो. पण दोन वेगवेगळ्या साहेबांनी तेच लिहिलं असलं तर साहेबाला शिव्या देणं बंद करा.

पीआयपी हातात दिला असेल तर प्रकरण वेगळं. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, बहुतेक वेळा ३०, ६० नाहीतर ९० दिवसांचा. नाव सुधारणेचं असलं तरी बऱ्याच ठिकाणी तो फाइल तयार करायचा कार्यक्रम असतो, सगळीकडं नाही. ओळखायचं कसं? त्यात मोजता येणारं टार्गेट आहे का अन् ते डिपार्टमेंटमधल्या चांगल्या माणसाला तरी जमेल का, एवढं बघा. जमणार असलं तर जीव लावून करा. काही का असेना, पीआयपीच्या पहिल्या दिवशीच बायोडाटा बाहेर काढा, इथं दहा दिवसांचा वापसा वगैरे नाही. अन् "आजच्या आज राजीनामा लिहून दे, नाहीतर टर्मिनेट करतो" म्हणले तर तिथं बसून सही करायची नाही, कोऱ्या कागदावर तर अजिबातच नाही. "घरी विचारून उद्या सांगतो" म्हणायचं अन् उठायचं. घरी विचारून सांगतो हे आपल्याकडं कुणाला खटकत पण नाही.

पैशाचं बघा, शांत डोक्यानी

माझा रूममेट. आयकार्ड टेबलावर आपटून निघाला, अख्ख्या लाइननं बघितलं, लई हिरो झालता. अंबड तालुक्यात गाव, घरची मोसंबी. पहिला महिना मजेत गेला, दुसऱ्या महिन्यात घरचे विचारायला लागले सुट्टी किती दिवसांची आहे, तिसऱ्यात वडील बोलेनासे झाले. पाचव्या महिन्यात चिकलठाणा एमआयडीसीत लागला, पहिल्यापेक्षा चार हजारानी कमी. अन् सगळ्यात वाईट म्हणजे त्याची ४ वर्षं ३ महिने सर्व्हिस झालती.

ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्यापासून सलग ५ वर्षांवर मिळते. हिशोब सोपा आहे: शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. बेसिक-डीए १८ हजार अन् ५ वर्षं धरली तर ५१ हजार ९२३ रुपये होतात. काही ठिकाणी ४ वर्षं २४० दिवसांवर पण मिळालेली आहे पण त्यासाठी भांडायची तयारी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड आले, त्यात ठराविक मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे, तर तुमच्या लेटरवर नक्की काय लिहिलंय ते आधी वाचा. पाच वर्षाला चार-सहा महिने कमी असतील तर दात-ओठ खाऊन काढा, मी तरी हेच सांगतो.

पीएफला हात लावू नका. सलग ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स बसतो, अन् पेन्शनला १० वर्षं लागतात. यूएएन (पीएफचा नंबर) तोच राहतो, नव्या कंपनीत ट्रान्सफर केला की जुनी वर्षं धरली जातात. बोनसचं पण असंच, पगार २१ हजाराच्या आत असेल अन् वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर त्या वर्षाचा किमान ८.३३ टक्के बोनस तुमचा, जूनमध्ये सोडली तरी मागच्या वर्षाचा दिवाळीला मागायचा, लाजायचं नाही.

दवाखान्याचं बहुतेक जण विसरतात. ईएसआय (कामगार विमा) असेल तर एप्रिल ते सप्टेंबरच्या कपातीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, अन् ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. आजारपणाच्या पगारी लाभाला त्या सहा महिन्यात ७८ दिवसांची कपात लागते. म्हणजे सोडायची तारीख पंधरा दिवस इकडं-तिकडं केली तर फरक पडू शकतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर ती मात्र साधारण शेवटच्या दिवशीच संपते, आईवडील त्यात असतील तर सोडायच्या आधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा.

अन् हातात किती महिन्याचा खर्च पाहिजे? पुस्तकवाले सहा महिने म्हणतात. मी म्हणतो कुठला महिना ते बघा. आपल्याकडं जूनमध्ये लेकरांची फी, वह्या, अन् गावाकडं बी-खताला पैसे पाठवायचे, तिन्ही एकदम येतात. ज्याच्या गळ्यात घराचा किंवा गाडीचा हप्ता आहे त्यानं हातात ऑफर लेटर असल्याशिवाय राजीनामा देऊच नये. एकटा आहे, हप्ता नाही, अन् रोज सकाळी गेटवर पोटात गोळा येतो, झोप उडाली, त्याचं वेगळं. तिथं तब्येत आधी, पैसा नंतर, चार महिन्याचा खर्च असला तरी निघा. (ज्यांच्या घरी पोरगी बघणं चालू आहे त्यांनी तर अजूनच जपून. परमनंट नोकरी असून लग्न जमेना झालेत, बिननोकरीचं तर सोयरीक आणणारा दारातनंच माघारी जातो.)

घरी सांगा मात्र. मी लपवलं होतं पंधरा दिवस. मग गावी मानवतला गेल्यावर वडिलांना सांगितलं तर ते तंबाखू मळत म्हणले, "सायबानं मार्क कमी दिले म्हणून शाळा सोडायलास का मास्तर बदलायलास?" मला तेव्हा उत्तर नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. सोडायच्या आधी त्याच कंपनीत दुसरं डिपार्टमेंट, दुसरा प्लांट मिळतो का हे मी विचारलंच नव्हतं. परत येऊन विचारलं, जागा नव्हती, पण विचारायला पाहिजेच.

बाहेर बघताना

आत असतानाच चार इंटरव्ह्यू द्या, सोडायचं नसलं तरी. बाजारात आपली किंमत काय आहे ते कळल्याशिवाय साहेबाचं २ रेटिंग खरं का खोटं कळत नाही. मला पहिल्या दोन ठिकाणी नकार आला, अन् एका ठिकाणी त्यांनी विचारलेलं एपीक्यूपी-पीपॅप (नवा पार्ट चालू करायच्या आधीचं क्वालिटी प्लॅनिंग अन् कस्टमरची मंजुरी) मला धड सांगता आलं नाही. मग दोन महिने तेच वाचलं. ते रिव्ह्यूच्या कागदात कुठंच नव्हतं.

का सोडताय विचारलं तर रेटिंगचं रडगाणं नको, जुन्या साहेबाची निंदा तर नकोच. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, सगळे एचआरवाले एकमेकाला ओळखतात, समोरचा तुमच्यापुढंच "अरे ते साहेब का, आमच्या बॅचचे" म्हणू शकतो. खरं पण थोडक्यात सांगायचं. मी सांगितलं की कम्प्लेंट क्लोज करायची जबाबदारी आहे पण डाय मेंटेनन्सवर माझं काही चालत नाही, मला दोन्ही जिथं एका हाताखाली असेल तिथं काम करायचंय. समोरच्यानं तेवढ्यावरच अर्धा तास प्रश्न विचारले. इन्क्रिमेंट लेटर मागतील, ते खोटं दाखवायचं नाही, व्हेरिफिकेशनमध्ये सापडतं.

पुण्याची ऑफर आली तर आकडा बघून हुरळून जाऊ नका. इथं साडेसहा हजारात दोन खोल्या मिळत होत्या मला, अन् दर पंधरा दिवसाला गावाकडं चक्कर व्हायची. आठ हजार वाढवून दिले अन् भाडं, मेस, येणं-जाणं यातच सहा-सात गेले तर तुम्ही फक्त गाव लांब केलं.

ठरलं तर

राहायचं ठरलं तर सहा महिन्याची तारीख कॅलेंडरवर टाका अन् तोवर रोज किरकिर करू नका. एक साधी वही ठेवा, तारीख, काम, कुठं अडकलं. माझे पुढच्या सहा महिन्यातले माझ्या हातातले सगळे रिपोर्ट वेळेत गेले, टूल रूमवाले तीन परत अडकले. ऑक्टोबरच्या मिड-टर्म रिव्ह्यूला साहेबानं परत ॲटिट्यूडच काढला. त्या दिवशी मला रागच आला नाही, बसमध्ये झोप लागली मस्त. नोव्हेंबरमध्ये शेंद्र्याची ऑफर हातात आल्यावर राजीनामा टाकला, तीन ओळीचा.

सोडायचं ठरलं तर नोटीस पिरियड किती ते अपॉइंटमेंट लेटरवर बघा, बायआउट (नोटीसचे दिवस पैसे भरून सोडवणं) चालतं का ते नव्या कंपनीला विचारा. राजीनाम्यात कारण लिहायची गरज नसते, शेवटचा दिवस मात्र लिहायचा. हँडओव्हर कागदावर करून ज्याला दिलं त्याची सही घ्या. नव्या वेतन कोडात राजीनाम्यानंतर पगाराचा हिशोब २ कामकाजाच्या दिवसात द्यायचा लिहिलंय, पण फुल अँड फायनलला महिना-दीड महिना लावायची जुनी सवय एका दिवसात जात नसते, म्हणून मेलवर मागत राहा. रिलीव्हिंग लेटर अन् एक्सपिरियन्स लेटर हातात आल्याशिवाय पिच्छा सोडू नका, पगारातनं टॅक्स कापल्याचा दाखला (फॉर्म १६ म्हणायचे तो) पुढच्या जूनमध्ये येतो तेव्हा आठवणीनं मागा. पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नाही तर शेवटच्या कपातीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला टाकता येते, आधारचा ओटीपी येणारा नंबर चालू ठेवा फक्त.

अन् लाइनवरच्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका. टूल रूमच्या ज्या फोरमनशी मी वर्षभर डायवरनं भांडलो, त्याचा परवा फोन आलता, शेंद्र्याला जागा आहे का विचारायला. त्याचं पण रेटिंग आलं होतं.